एक तोफ आणि गळकं गलबत: पिट्सबर्ग पायरेट्सची गोष्ट

दहा जिंकले, दहा हरले.

बेसबॉलमध्ये प्रत्येक पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावापुढे असा जमाखर्च लिहिलेला असतो. २०२५ च्या हंगामात पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्स नावाच्या तरुणाचा जमाखर्च १०-१० असा बरोबरीत सुटला. नुसते आकडे पाहिले तर साधारण वकुबाचा खेळाडू वाटेल. पण त्याच वर्षी नॅशनल लीगमधला (अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम पिचर म्हणून साय यंग पुरस्कार त्याला मिळाला, आणि तोही एकमताने. हा घोळ काय आहे, हे ज्याला कळलं त्याला पिट्सबर्ग पायरेट्स हा संघ कळला. म्हणून आधी तो सोडवू.

बेसबॉलचा सामना नऊ डावांचा. पिचर किती चांगला, हे ठरवायचं एक जुनं माप आहे: त्याच्या चुकीने सरासरी नऊ डावांमागे प्रतिस्पर्ध्याच्या किती धावा झाल्या. चारच्या आसपास असला तर तो नोकरी टिकवणारा, तीनच्या खाली असला तर मोठा खेळाडू. स्कीन्सचा २०२५ चा आकडा होता १.९७. त्याच्या आदल्या वर्षी, पदार्पणाच्या हंगामात, १.९६. म्हणजे हा माणूस खेळतो तेव्हा समोरच्यांना सामन्याला दोन धावा काढतानाही घाम फुटतो. तरी दहा हरले, कारण त्याच्या स्वतःच्या संघाला तेवढ्याही धावा निघाल्या नाहीत. त्या वर्षी पायरेट्सनी १६२ सामन्यांत ५८३ धावा काढल्या, मेजर लीगच्या तीसही संघांत सर्वात कमी. होमरन, म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे, मारले ११७, तेही सर्वात कमी. त्याच हंगामात न्यूयॉर्क यांकीजचे होमरन होते २७४.

बुमराहने वीस धावांत पाच गडी टिपावेत आणि आपण शंभरही न करता गुंडाळले जावेत, तसं. फरक एवढाच की बुमराह मनात आणलं तर प्रत्येक सामना खेळू शकतो. बेसबॉलचा मुख्य पिचर पाच-सहा दिवसांतून एकदाच खेळतो. ताशी १६० किलोमीटरच्या आसपासचे नव्वद-शंभर चेंडू एका दिवशी टाकले की कोपर आणि खांदा चार-पाच दिवस विश्रांती मागतात. स्कीन्स २०२५ मध्ये १६२ पैकी ३२ सामन्यांत उतरला. उरलेल्या १३० सामन्यांत तो कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बिया चघळत बसला असणार.

तर संघाकडे तोफ आहे. गलबताला मात्र भोकं आहेत, आणि ती आजची नाहीत.

नाव चोरीतून आलं

पिट्सबर्ग हे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं जुनं पोलादाचं शहर. ॲलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या शहरात एकमेकींना भेटतात आणि तिथून पुढे ओहायो नदी सुरू होते. संघ १८८२ पासूनचा, आणि तेव्हा त्याचं नाव ॲलेगेनीज होतं. १८९० मध्ये खेळाडूंनी मालकांविरुद्ध बंड करून स्वतःची वेगळी लीग काढली. ती वर्षभरात बुडाली आणि सगळे आपापल्या जुन्या संघांत परतले. लू बियरबाउअर नावाचा एक खेळाडू फिलाडेल्फियाला परतायचा होता, पण तिथल्या कारकुनी गफलतीत त्याचं नाव राखीव यादीत घालायचंच राहून गेलं. पिट्सबर्गने संधी साधली आणि त्याला करारबद्ध केलं. फिलाडेल्फियाने बोंब ठोकली, ही तर चाचेगिरी! पिट्सबर्गकरांनी लाजायचं सोडून तेच नाव मिरवायला घेतलं. पायरेट्स म्हणजे समुद्री चाचे. आजही सामना जिंकला की कवटीचा काळा झेंडा वर चढतो. शिवी अंगावर दागिन्यासारखी घालायची ही कोल्हापुरी वृत्ती मला या संघात सगळ्यात आधी आवडली.

१९०३ मध्ये दोन लीगच्या विजेत्यांमध्ये पहिली आधुनिक वर्ल्ड सिरीज झाली. त्यात पायरेट्स होते आणि बॉस्टनकडून ५-३ असे हरले. त्या काळचा त्यांचा मोठा खेळाडू होनस वॅगनर. त्याचं चित्र असलेलं सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड इतकं दुर्मीळ आहे, की २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२.५ लाख डॉलरला विकली गेली. वॅगनरच्या संघाने १९०९ मध्ये विजेतेपद मिळवलं. पुढे १९२५, १९६०, १९७१ आणि १९७९. एकूण पाच. शेवटचं मिळालं तेव्हा आपल्याकडे दूरदर्शनही काळंपांढरं होतं.

या पाचांतलं १९६० चं जरा थांबून सांगण्यासारखं आहे, कारण बेसबॉलचं गणित किती तिरपागडं असतं ते त्यातून दिसतं. वर्ल्ड सिरीज सात सामन्यांची, चार जिंकेल तो विजेता. समोर यांकीज. सातही सामन्यांच्या धावा एकत्र केल्या तर यांकीजच्या ५५ आणि पायरेट्सच्या २७. दुप्पट! पण यांकीजनी आपले तीन सामने धुऊन काढले आणि पायरेट्सनी आपले चार चिमटीत पकडून जिंकले. सातव्या सामन्यात ९-९ अशी बरोबरी असताना बिल मॅझेरोस्की फलंदाजीला आला. हा माणूस नावाजलेला होता तो क्षेत्ररक्षणासाठी. त्याने चेंडू भिंतीपलीकडे पाठवला आणि विषय संपला. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना शेवटच्या फटक्याला होमरन मारून संपलाय, असं आजवर तेवढं एकदाच घडलंय.

ज्या फोर्ब्स फील्डवर हे झालं ते मैदान १९७० नंतर पाडलं. तिथे आता विद्यापीठ आहे. पण भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे, आणि दरवर्षी १३ ऑक्टोबरला म्हातारेकोतारे तिथे खुर्च्या टाकून जमतात. त्या दिवसाचं रेडिओ समालोचन पुन्हा लावतात आणि शेवटच्या फटक्याला पुन्हा ओरडतात. काय होणार हे प्रत्येकाला पाठ असतं. आपल्याकडे कीर्तनाला गर्दी होते ती तरी कुठे गोष्ट नवी असते म्हणून?

एकवीस नंबर

पायरेट्सबद्दल लिहायचं आणि रोबेर्तो क्लेमेंतेबद्दल नाही, असं होऊच शकत नाही. पोर्तो रिकोचा हा कृष्णवर्णीय, स्पॅनिश बोलणारा खेळाडू १९५५ मध्ये संघात आला. समालोचक त्याला ‘बॉब’ म्हणत. तो ठासून सांगे, माझं नाव रोबेर्तो आहे. उजव्या टोकाला क्षेत्ररक्षण करायचा, आणि तिथून त्याचा फेकलेला चेंडू असा यायचा की धावणारे जागच्या जागी थिजायचे. बारा वेळा सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा गोल्ड ग्लव्ह, चार वेळा लीगमधली सर्वोच्च फलंदाजी सरासरी. १ सप्टेंबर १९७१ रोजी पायरेट्सनी मैदानात उतरवलेले नऊही जण कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकी वंशाचे होते. मेजर लीगमध्ये हे पहिल्यांदा घडत होतं, आणि त्या नवांत क्लेमेंते होता. त्याच वर्षी संघ विजेता ठरला.

३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने कारकिर्दीतला ३,०००वा हिट, म्हणजे निदान पहिला तळ (बेस) गाठून देणारा फटका, मारला. डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. मदतीचं सामान भलतीकडेच वळवलं जातंय अशी बातमी आली, तेव्हा ‘मी स्वतः गेलो तर कुणाची हिंमत होणार नाही’ अशा विचाराने तो ३१ डिसेंबरच्या रात्री सामानाने खचाखच भरलेल्या विमानात बसला. विमान उडताच समुद्रात कोसळलं. त्याचा देह कधीच सापडला नाही. बेसबॉलच्या थोरांच्या दालनात, म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये, घेण्यासाठी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. क्लेमेंतेसाठी तो नियम बाजूला ठेवला गेला. कारकिर्दीतले त्याचे हिट बरोबर ३,००० वरच थांबलेत.

नदीकाठचं मैदान

आता घर. १९७० पासून तीस वर्षं हा संघ अमेरिकन फुटबॉलच्या स्टीलर्सबरोबर थ्री रिव्हर्स नावाच्या सिमेंटच्या गोल भांड्यात राहिला. दोन्ही खेळांना चालेल असं मैदान बांधायचं म्हटलं की ते दोन्हींना गैरसोयीचं होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये ते सुरुंग लावून उडवलं आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पीएनसी पार्क उघडलं. पीएनसी ही स्थानिक बँक.

बेसबॉलचं मैदान आणि क्रिकेटचं मैदान यांत एक मूलभूत फरक आहे. क्रिकेटमध्ये फलंदाज मध्यभागी असतो. बेसबॉलमध्ये तो एका कोपऱ्यात असतो आणि मैदान त्याच्यासमोर पंख्यासारखं उलगडतं. त्यामुळे बहुतेक प्रेक्षक फलंदाजाच्या पाठीमागे आणि बाजूंना बसतात, आणि सगळ्यांची नजर एकाच दिशेला लागते. पीएनसी पार्क बांधणाऱ्यांनी ही गोष्ट बरोबर हेरली. उजव्या कडेला बांधकाम ठेंगणं ठेवलं, त्यामुळे खुर्चीत बसल्या बसल्या समोर ॲलेगेनी नदी, तिच्यावरचा पिवळाधमक पूल आणि पलीकडे शहरातल्या उंच इमारती दिसतात. त्या पुलाचं नाव रोबेर्तो क्लेमेंते पूल. सामन्याच्या दिवशी तो गाड्यांना बंद असतो आणि लोक चालत मैदानात येतात. अमेरिकेतली सर्वांत देखणी मैदानं कोणती, याच्या याद्यांत हे बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीनांत असतं, आणि पडद्यावर पाहूनही ते पटतं.

उजव्या बाजूची भिंत २१ फूट उंच, कारण क्लेमेंतेचा क्रमांक २१. फलंदाजापासून नदी ४४३ फुटांवर. चेंडू उडून थेट पाण्यात पडणं फार क्वचित होतं. २५ मे २०२५ रोजी ओनील क्रूझ या पायरेट्सच्या धिप्पाड खेळाडूने असा चेंडू मारला, की तो बॅटवरून ताशी १२२.९ मैलांनी, म्हणजे जवळजवळ १९८ किलोमीटर वेगाने सुटला. २०१५ पासून हा वेग अचूक मोजला जातो, आणि तेव्हापासूनचा हा उच्चांक. चेंडू टप्पा खाऊन नदीत गेला. पायरेट्स तो सामनाही हरले, हे वेगळं सांगायला नको.

सामन्याच्या मधल्या वेळात मैदानावर पिएरोगींची शर्यत होते. पिएरोगी म्हणजे बटाटा किंवा चीजचं सारण भरून उकडलेली करंजी. पोलादाच्या भट्ट्यांत राबायला आलेल्या पूर्व युरोपीय मजुरांनी ती इथे आणली. माणसं करंज्यांचे भलेमोठे पोशाख चढवून धावतात. बाकी काही हरो वा जिंको, करंजी जिंकणारच.

एप्रिल २०२५ मध्ये व्यवस्थापनाने उजव्या भिंतीवरचं क्लेमेंतेचं २१ चं चिन्ह काढून तिथे एका मद्याची जाहिरात लावली. शहर खवळलं, क्लेमेंतेच्या मुलाने नाराजी सांगितली, आणि काही दिवसांत माफी मागून चिन्ह परत आणावं लागलं. घरच्या पहिल्याच सामन्यात प्रेक्षक एका सुरात ‘संघ विका’ असं ओरडत होते, ते मालक बॉब नटिंग यांना उद्देशून. या रागाचं मूळ पैशात आहे, आणि लेखातला खरा किचकट भाग इथेच सुरू होतो.

पैशाचं गणित

आयपीएलमध्ये प्रत्येक संघाच्या थैलीला एकच मर्यादा असते. मुंबई असो वा लखनौ, लिलावात रक्कम तीच. मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी सक्तीची मर्यादा नाही. ठरावीक रकमेपुढे खर्च केला तर दंडासारखा कर लागतो, पण ज्याला परवडतो तो भरतो. लॉस एंजेलिस डॉजर्स वर्षाला पगारांवर ३० कोटी डॉलरच्या पुढे उधळतात. पायरेट्स दहा कोटींच्या आत-बाहेर घुटमळतात. मोठ्या शहरांचे स्थानिक टीव्हीचे करार मोठे, तिकिटं महाग, म्हणून त्यांची तिजोरी मोठी. स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के भाग सगळे संघ एका हंड्यात टाकतात आणि तो सारखा वाटून घेतात. पण उरलेल्या भागातली दरी भरत नाही. शिवाय वाटून मिळालेला पैसा मालकाने खेळाडूंवरच खर्चावा, अशी कडक सक्ती व्यवहारात दिसत नाही.

मग गरीब संघ जगतात कसे? तरुणांवर. दर जुलैमध्ये, हंगाम चालू असतानाच, शाळा-कॉलेजातले नवे खेळाडू निवडायचा ड्राफ्ट होतो, त्यात आदल्या हंगामात वाईट खेळलेल्यांना आधी निवडायची संधी जास्त. खालच्या संघाला इथे कुणी दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये ढकलत नाही, त्यामुळे हरण्याचा तोटा थोडा आणि फायदा बराच. २०२३ मध्ये पायरेट्सना पहिली निवड मिळाली आणि त्यांनी स्कीन्सला घेतलं. ९२ लाख डॉलर बोनस दिला. त्यानंतरची गंमत अशी, की मुख्य संघात आल्यावर पहिली साधारण तीन वर्षं खेळाडूला किमान पगाराच्या आसपासच घ्यावं लागतं. २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम पिचरपैकी एकाचा पगार होता ८ लाख ७५ हजार डॉलर. पुढच्या तीन वर्षांत लवाद बसतो आणि पगार वाढतो. सहा वर्षं पूर्ण झाली, की खेळाडू मोकळा. मग बाजारात जो जास्त बोली लावेल त्याचा.

स्कीन्सची ती वेळ २०२९ च्या हंगामानंतर येते. यातून पुढे काय होतं, ते पिट्सबर्गने दोनदा भोगलंय.

पहिला फटका १९९२ चा. नॅशनल लीगच्या अंतिम फेरीत अटलांटाविरुद्ध सातवा सामना, शेवटच्या डावात पायरेट्स २-० पुढे, वर्ल्ड सिरीज हाताशी. आणि ३-२ असे हरले. विजयी धाव घेत घसरत आलेला सिड ब्रीम हा पायरेट्सचाच माजी खेळाडू, दुखऱ्या गुडघ्यांचा आणि धावण्यात अगदी मंद. त्याच्यामागे चेंडू फेकला होता बॅरी बाँड्सने. चेंडू थोडक्यात चुकला. तो हिवाळा उजाडताच बाँड्स मोठ्या कराराने सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्यानंतर पायरेट्सचे सलग वीस हंगाम विजयापेक्षा पराभव जास्त असे गेले. उत्तर अमेरिकेच्या प्रमुख व्यावसायिक खेळांत एवढी लांब नापासांची रांग दुसऱ्या कुणाची नाही. बारशाला नेलेलं मूल मतदार झालं, तरी संघ काही पास होईना.

दुसरा फटका २०१५ नंतरचा. अँड्र्यू मॅककचन आणि गेरिट कोल या घरच्याच दोन रोपांच्या जोरावर २०१३ ते २०१५ सलग तीन वर्षं बाद फेरी गाठली. २०१५ मध्ये ९८ सामने जिंकले, पण बाद फेरीच्या एकाच सामन्यात शिकागोकडून हरून बाहेर पडले. जानेवारी २०१८ मध्ये दोघांनाही दुसरीकडे पाठवलं. दोन वर्षांनी यांकीजनी कोलला नऊ वर्षांसाठी ३२.४ कोटी डॉलर दिले.

‘छोटं शहर, काय करणार’ ही सबब ऐकायला बरी वाटते. पण मिलवॉकी हा बाजार म्हणून पिट्सबर्गपेक्षाही छोटा, आणि त्यांनी २०२५ मध्ये ९७ सामने जिंकले, तीसही संघांत सर्वाधिक. तेव्हा नियम अन्याय्य आहेत हे खरं, आणि पायरेट्सनी त्याच नियमांत इतरांपेक्षा वाईट कारभार केलाय हेही तितकंच खरं. माझा कौल दुसऱ्या वाक्याकडे झुकतो.

२०२६ चं काय?

हंगामाचा अंदाज बांधायला फार विद्या लागत नाही. वर्षभरात काढलेल्या आणि दिलेल्या धावांचा फरक पाहायचा. ढोबळ हिशेबाने दहा धावांचा फरक म्हणजे एक सामना. ८१ जिंकणारा संघ बरोबरीतला. २०२५ मध्ये पायरेट्स ७१ जिंकले आणि ९१ हरले. त्याच वर्षी त्यांच्याच गटातला सिनसिनाटी ८३ सामन्यांवर बाद फेरीत घुसला. म्हणजे दार गाठायला बारा सामने हवेत, आणि बारा सामने म्हणजे सुमारे १२० धावांची सुधारणा.

गोलंदाजीत फारसं सुधारायला वाव नाही, कारण ती आधीच उत्तम आहे. स्कीन्सच्या जोडीला अनुभवी मिच केलर आहे, २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेला बब्बा चँडलर आहे, आणि कोपराच्या शस्त्रक्रियेतून परतू पाहणारा जॅरेड जोन्स आहे. धावा फलंदाजांनीच आणायच्यात. त्यासाठी २०२५-२६ च्या हिवाळ्यात व्यवस्थापनाने चक्क खिशात हात घातला. २०२५ मध्ये ३१ होमरन मारणारा ब्रँडन लो अदलाबदलीत आणला आणि रायन ओहर्नला दोन वर्षांसाठी २.९ कोटी डॉलर दिले. डॉजर्सच्या हिशेबात ही चिल्लर. पिट्सबर्गच्या हिशेबात दिवाळी. या दोघांनी मिळून पन्नास-साठ धावा वाढवल्या तरी निम्मं अंतर उरतं.

ते निम्मं कोण भरणार, याचं उत्तर कॉनर ग्रिफिन या पोराकडे आहे असं पिट्सबर्गकर मानतात. २०२४ मध्ये शाळेतून नवव्या क्रमांकाने निवडलेला. २०२५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, खालच्या लीगच्या तीन पायऱ्या एकाच हंगामात चढला, २१ होमरन मारले आणि ६५ वेळा पुढचा तळ चोरला, म्हणजे पिचरची नजर चुकवून एक टप्पा पुढे पळाला. पण खालच्या लीगमधून वर येताना भले भले अडखळतात, तेव्हा त्याच्याकडून पहिल्याच वर्षी चमत्काराची अपेक्षा मी तरी धरत नाही. प्रशिक्षक डॉन केली पिट्सबर्गचाच, मे २०२५ मध्ये मधेच सूत्रं हाती घेतलेला. माझा अंदाज ७९-८०. कुणाला ८४ म्हणायचं असेल तर वाद घालणार नाही.

आणखी एक गोष्ट डोक्यावर टांगलेली आहे. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. छोट्या शहरांच्या मालकांना पगाराची मर्यादा हवी आहे, खेळाडूंना ती अजिबात नको. तिथे काय ठरतं, यावर स्कीन्स २०२९ नंतर कुठे असेल हेही बऱ्यापैकी ठरेल.

जाता जाता आपला धागा. २००८ मध्ये भारतात जोरात चेंडू फेकणाऱ्यांची स्पर्धा झाली. तीतून उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे दोन तरुण, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, पुढे आले. दोघांनी बेसबॉल कधी हातात धरला नव्हता. त्यांना करारबद्ध कुणी केलं? पायरेट्सनी. २००९ मध्ये दोघे पायरेट्सच्या सर्वांत खालच्या संघाकडून फ्लोरिडातल्या उन्हात खेळले, आणि अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय रिंकू ठरला. मुख्य संघापर्यंत दोघेही पोचले नाहीत. रिंकू पुढे कुस्तीच्या तमाशाकडे वळला.

पिट्सबर्गच्या घरच्या मैदानावरचे संध्याकाळचे सामने तिथे पावणेसातच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे सव्वाचारच्या आसपास. काकड आरतीची वेळ. उठायचंच असेल तर आधी त्या दिवशी पिचर कोण आहे ते पाहून गजर लावा. स्कीन्स नसेल तर झोपलात तरी चालेल.